अदृश्य माणसाचा निबंध

यंदा तोझ लवकर आला. सकाळी उठून पडदा सारला, तर समोरची इमारत जागेवर नव्हती. इथे आखातात, सालमियातल्या आमच्या सहाव्या मजल्यावरून एरवी समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि दोन टाक्यांच्या मधून बोटभर समुद्र. आज नुसता पिवळट-भगवा पडदा. खाली रस्त्यावर गाड्या दिवे लावून रांगत होत्या. मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, जुने टॉवेल ओले करून खिडक्यांच्या फटींत कोंबले, एसीच्या जाळीवर ओलं फडकं बांधलं, तरी चहाला मातीची चव आलीच. दातावर दात ठेवला की कचकच. इथले लोक या धुळीला तोझ म्हणतात आणि इतक्या वर्षांत आम्हीही तोझच म्हणायला लागलो आहोत. आपल्याकडची धूळ पायाखाली असते, ही डोक्यावरून येते.

तोझ आला की बाकीच्यांना खोकला होतो. मलाही होतो, पण तो नंतर. आधी मला लाज वाटते. तीन वर्षं झाली, दर वर्षी हा वास नाकात शिरला की कान तापतात, आणि मंजिरीने ‘काय झालं’ विचारलं की मी ‘धूळ’ म्हणतो.

मी जाब्रियातल्या एका इस्पितळात एक्स-रे काढतो. पोटापाण्याचा उद्योग तो. पण सांगलीत असताना नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. केलं होतं, तेही तत्त्वज्ञान घेऊन. का, ते विचारू नका. घरच्यांनी विचारून पाहिलं होतं. त्यात कल्पनाशक्ती हा विषय जो मानगुटीवर बसला तो उतरलाच नाही. इकडे आलो तेव्हा सामानात लोणच्याच्या बरण्यांपेक्षा पुस्तकं जास्त निघाली म्हणून विमानतळावर मंजिरीने माझ्याशी अबोला धरला होता.

कल्पना म्हणजे काय, यावर शहाण्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलेलं आहे. एक पंथ म्हणतो, कल्पना म्हणजे पाहिलेल्याचाच फिका ठसा. डोळ्यांनी जे उचललं तेच मन शिळं करून परत वाढतं. दुसरा म्हणतो, छे, कल्पना ही मधली माणूस आहे. एकीकडे इंद्रियं, दुसरीकडे बुद्धी, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि कल्पना मधल्या मधे धावपळ करून त्यांचं काम जुळवते. हा मुद्दा मला इथे आल्यावरच नीट समजला, कारण इथे प्रत्येक कंपनीत एक मंदूब असतो. त्याचं काम एवढंच, की कंपनीची कागदपत्रं घेऊन सरकारी खिडक्यांवर जायचं आणि शिक्के मारून आणायचे. मंदूब नसेल तर मालक त्याच्या खुर्चीत, सरकार सरकारच्या खुर्चीत, आणि मधल्या मधे तुमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपून जातो. कल्पना ही मनाची मंदूब आहे, असं मी एकदा आमच्या मराठी मंडळात बोललो होतो. सगळे हसले. ज्यांच्या इकाम्याचं काम अडकलं होतं ते तेवढे हसले नाहीत.

तिसरं एक मत मला सगळ्यात आवडायचं. कल्पनेतल्या चित्राकडून नवीन काही शिकता येत नाही, असं ते मत आहे. डोळे मिटा आणि तुमच्या शाळेचा जिना आठवा. आठवला? आता पायऱ्या मोजा. नाही मोजता येत. आपण आधी जेवढं घातलं तेवढंच त्या चित्रात असतं. खरा जिना मात्र कधीही मोजून घ्या, तो तयार असतो. आणि आपल्याकडचे बौद्ध आचार्य तर त्याहून कडक. ते म्हणत, खरं पाहणं ते, ज्यात कल्पनेची भेसळ नाही. आपण वस्तू पाहतो न पाहतो तोच तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवतो आणि मग ती चिठ्ठीच वाचत बसतो.

हे सगळं मला पाठ होतं. अजून आहे.

शुक्रवारी इथे सुट्टी. दर शुक्रवारी सकाळी मंडळातल्या कुणाच्या तरी घरी मी मुलांचा मराठीचा वर्ग घेत असे. दहा-बारा मुलं, गालिच्यावर मांडी घालून बसलेली, मराठीत प्रश्न विचारला की इंग्रजीत उत्तर देणारी. आईबापांच्या आग्रहाखातर आलेली, पोह्यांच्या आशेने टिकलेली. त्यांना मी ‘कल्पनाप्रधान निबंध’ लिहायला लावायचो. आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत लिहिलेला असतो तो. सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर. आमच्या काळी तो गाइडमधून यायचा, आता मोबाइलमधून येतो. मी मात्र पहिल्याच दिवशी पालकांना उभं करून बजावलं होतं, की इथे मूल स्वतःच्या डोक्याने लिहील. ज्याचा निबंध घरच्यांनी लिहून दिलेला आढळेल, त्याला मी वर्गात बसू देणार नाही. ‘दुसऱ्याची कल्पना उसनी आणणं ही चोरी आहे,’ असंही म्हणालो. पालक दबले होते. मला ते आवडलं होतं.

‘सर, आय डोन्ट हॅव दॅट मच इमॅजिनेशन इन मराठी,’ असं एक कार्टं म्हणालं, तेव्हा हसू आवरून मी विषय सोपा केला: ‘माणूस अदृश्य झाला तर.’

पुढच्या शुक्रवारी निबंध आले. तोझाचे दिवस होते. वह्यांच्या कडांवरही पिवळी धूळ बसलेली. एकजण अदृश्य होऊन जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, चॉकलेटं आणणार होता. दोघी विमानात बसून आजीकडे जाणार होत्या, विनातिकीट. एकाने पंचाच्या मागे उभं राहून भारताला सामना जिंकून दिला होता. मी लाल पेन घेऊन चहा पीत तपासत होतो आणि मग ओवीची वही हातात आली.

ओवी पाचवीत होती. दोन वेण्या, मोठं दप्तर, बोलणं कमी. तिची आई ज्योती नर्स, मूळची उदगीरची. वडील दिनेश एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. ती कंपनी बंद पडली आणि ते कायमचे गावी गेले, असं ज्योतीने आम्हाला सहा-सात महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. आम्हीही ‘अरेरे’ म्हणून विषय संपवला होता. इथे माणसं येतात, जातात.

ओवीने लिहिलं होतं:

‘आमच्या घरात एक अदृश्य माणूस राहतो. त्याला ताट नसतं. आईचं जेवण झालं की तो त्याच ताटात जेवतो. म्हणजे धुवायला दोनच ताटं. बेल वाजली की तो बाथरूममध्ये जातो आणि नळ सोडत नाही. शिंक आली तर तो उशी तोंडावर दाबतो. तो टीव्ही बघतो पण आवाज नसतो. त्याची चप्पल तांदळाच्या डब्यामागे असते. खिडकीपासून तीन फरशा सोडून तो बसतो. चौथ्या फरशीवर बसलं तर समोरच्या लोकांना दिसत नाही. अदृश्य माणूस कधी आजारी पडत नाही कारण त्याला दवाखान्यात जाता येत नाही. शाळेत टीचर विचारतात घरी कोण कोण आहे. मी म्हणते, ओन्ली मम्मा. मला अदृश्य होता येत नाही म्हणून दार मी उघडते.’

मी चहा बाजूला ठेवला. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. पण तो काटा कसला होता पाहा. तो साहित्याचा काटा होता. दहा वर्षांच्या मुलीला हे सुचतं! ते ताट, ती उशी, त्या फरशा! मी खाली लाल पेनने लिहिलं, ‘व्वा! केवढी ही कल्पनाशक्ती!’ आणि शेजारी हसरा चेहरा काढला.

ज्या माणसाला जिन्याच्या पायऱ्यांचा सिद्धान्त पाठ होता, त्याच्यासमोर एका मुलीने फरशा मोजून ठेवल्या होत्या. कल्पनेतल्या खोलीत फरशा मोजता येत नाहीत. हे मला कळायला हवं होतं, आणि मला काय कळलं, तर पोरीला बक्षीस द्यायला हवं.

महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम मंडळाने भाड्याच्या एका हॉलमध्ये ठेवला होता. त्या दिवशीही तोझ. बायका पदराने खुर्च्या पुसून बसत होत्या. फेट्यांवर पिवळी झाक आली होती. शे-दीडशे माणसं असतील. लेझीम झालं, गाणी झाली, मग मी माइक घेतला. मी वाचतो चांगलं, आणि चांगलं वाचतो हे मला माहीत आहे, हीच खरी अडचण आहे. कल्पनाशक्तीवर आधी पाच मिनिटं बोललो. कल्पना म्हणजे जे समोर नाही ते समोर आणण्याची शक्ती वगैरे. आणि मग ओवीचा निबंध वाचला. योग्य जागी थांबलो. उशीच्या वाक्याला लोक हसले. ‘ओन्ली मम्मा’ला मी मुद्दाम आवाज खाली आणला. शेवटच्या वाक्यानंतर टाळ्या. टाळ्या थांबेचनात.

ज्योती तिसऱ्या रांगेत होती. तिचा चेहरा मी पाहिला. रक्त उतरलेला, डोळे मोठे झालेले. मला वाटलं, आईचं मन भरून आलंय.

बक्षीस घ्यायला ओवीला तीनदा बोलवावं लागलं. ती खाली बघत आली. मी तिच्यापुढे माइक धरला आणि विचारलं, ‘ओवी, हे असं सुचतं कुठून गं तुला?’

ती म्हणाली, ‘सुचलं नाही, सर.’

सगळा हॉल हसला. मीही हसलो. ‘आणि वर विनय पाहा!’ असं माइकवर म्हणालो. आता एकटा असताना मला ते वाक्य आठवलं की मी मोठ्याने काहीतरी बडबडतो, नाहीतर नळ सोडतो. स्वतःचाच आवाज ऐकू नये म्हणून.

परत येताना गाडीत मंजिरी पदराची धूळ झटकत होती. मी विचारलं, ‘कसं झालं?’

‘अहो, तुम्हाला खरंच काही कळलं नाही?’

‘काय?’

‘दिनेश गेलेलाच नाहीये. तो घरात आहे.’

काच पुसणारी पाती एकदा इकडे गेली, एकदा तिकडे. धुळीचा नुसता चिखल होत होता. मंजिरी तत्त्वज्ञान शिकलेली नाही. तिने बी.कॉम. केलंय. पुढे ती म्हणाली, ‘कंपनी बंद पडली, मालकाने इकामा भरला नाही. परवाना संपलेला माणूस बाहेर पडून काय करणार? रस्त्यात कुणी कागद बघितले की संपलं. परत पाठवतील आणि पुन्हा येता येणार नाही. ज्योतीच्या नावावर त्याला राहता येत नाही. सरकारची माफी निघेल, दुसरी नोकरी मिळेल, म्हणून वाट बघत बसला असेल बिचारा. आणि तुम्ही माइकवर त्याचा पत्ता वाचून दाखवलात.’

‘तुला हे आधी माहीत होतं?’

‘नाही हो. तुम्ही वाचताना कळलं. मला वाटतं, निम्म्या हॉलला कळलं.’

रविवारी ज्योती माझ्या इस्पितळात आली. स्वतःची ड्युटी संपवून, पांढऱ्या गणवेशावर काळी शाल घेऊन. एक्स-रेच्या खोलीबाहेर पेशंटच्या बाकावर बसली होती. मी बाहेर आलो तशी उठून उभी राहिली. मला ते उभं राहणंच सहन झालं नाही.

‘सर, तुम्ही मुद्दाम नाही केलं, माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘पण लोक विचारायलेत. काल लिफ्टमध्ये एकीनं विचारलं, ओवीचे बाबा आले का गं परत? हसत विचारलं. सर, इथं कोण कुणाला काय बोलेल, सांगता येत नाही.’

‘मी काय करू, सांग.’

तिने ठरवून आणलं होतं. ‘तुम्ही मंडळाच्या ग्रुपवर लिहा, की निबंध तुम्हीच लिहून दिला होता. ओवीनं नुसता उतरवला. सगळा तुमचा आहे. तुमच्या डोक्यातला. तुम्ही एवढे शिकलेले, तुमचं खरं वाटेल लोकांना. एवढं करा, सर.’

मी ‘करतो’ म्हणालो. करायचं काय होतं? एक ओळ लिहायची होती. ‘तो निबंध मी लिहिला.’ बाराखडी येणाऱ्या कुणालाही जमेल.

संध्याकाळी सोफ्यावर बसून मी ती ओळ लिहिली आणि पुसली. पुन्हा लिहिली. डोळ्यांपुढे ते पालक येत होते, ज्यांना मी चोरीवरून सुनावलं होतं. आता तेच म्हणणार, मास्तर स्वतःच लिहून देतात आणि वर बक्षीसही देतात. कल्पनाशक्ती म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवणं, असंही एक मत आहे. त्या संध्याकाळी माझी कल्पनाशक्ती जोरात होती, पण ती मला शे-दीडशे लोकांच्या डोक्यात घेऊन जात होती, माझ्याविषयी ते काय म्हणतील ते ऐकवायला. खिडकीपासून मोजून अंतर ठेवून बसलेल्या एका माणसाकडे ती काही मला नेईना. शेवटी मी लिहिलं: ‘ओवीच्या निबंधाची बरीच चर्चा झाली. कल्पना फुलवायला मी थोडी मदत केली होती, हे नम्रपणे नमूद करतो.’

थोडी मदत! आणि वर नम्रपणे! पटापट अंगठे आले, जोडलेले हात आले. ‘शेवटी गुरू तो गुरूच,’ असं कुणीसं लिहिलं. मंजिरीने मोबाइल वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन कणीक मळायला लागली. थोडी मदत म्हणजे बाकीचं पोरीचंच, हे कुणालाही कळत होतं. लोकांना जे हवं होतं ते मिळालं आणि माझं नावही शाबूत राहिलं. फक्त जिने मागितलं होतं तिला काही मिळालं नाही.

त्याच आठवड्यात दिनेश स्वतःहून हजर झाला. थोडे दिवस कोठडीत राहिला, मग त्याला परत पाठवलं. जूनच्या सुट्टीत ओवीही बापाकडे उदगीरला गेली, ती कायमची. ज्योती इथे एकटी राहिली. कुणीतरी कमवायला हवं होतं. मंजिरी दोनदा तिच्याकडे डबा घेऊन गेली. दोन्ही वेळा मी सांगितलं, मला ड्युटी आहे. एकदा होती.

वर्ग मी बंद केला. तब्येतीचं कारण दिलं.

ज्योतीच्या इमारतीखाली इस्माईलभाईंचं किराणा दुकान आहे. इस्माईलभाई श्रीवर्धनचे. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांच्या बोलण्यातला समुद्र तिकडचाच आहे. एकदा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. कुणाशी तरी बोलायला हवं होतं आणि ते मला ‘मास्तर’ म्हणतात म्हणून मला ते आवडतात, इतकं साधं माझं मन आहे.

‘तुम्हाला माहीत होतं?’ मी विचारलं.

‘मना ठाव होता की,’ ते म्हणाले. ‘दुकानदाराला ठाव नसल तर कोणाला? आधी चार खबूस जायचे वरती. नवरा गेला सांगितलान, तरी चारच. एक बाई नि एक पोर, चार रोट्या कशाला लागतील?’

‘मग?’

‘मग काय? मी बेल मारायचा बंद केला. पिशवी दारात ठेवायचो नि खाली येऊन फोन करायचो, माल ठेवलाय म्हणून. बेल वाजली का आतल्या माणसाच्या काळजात काय होत असल, मास्तर!’

आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला कांदे देऊ लागले. मी तिथेच उभा राहिलो. सगळ्या पुस्तकांचा मिळून जो अर्थ होतो, तो या माणसाने कांदे तोलता तोलता सांगितला होता. चार रोट्यांवरून त्यांनी एक आख्खा माणूस ओळखला, त्याच्या छातीतली धडधड ओळखली आणि मग त्या कळण्याचं काय केलं, तर बेल वाजवणं सोडलं. कुणाला सांगितलं नाही, कौतुक केलं नाही, बक्षीस दिलं नाही.

मी त्या मुलीचं कौतुक केलं होतं. कौतुक ही फार सोयीची गोष्ट आहे, हे मला उशिरा कळलं. ‘काय कल्पनाशक्ती आहे’ असं म्हटलं की समोरचं खरं मानायची गरज उरत नाही. मुलीने जे पाहिलं ते लिहिलं आणि मी त्यावर ‘कल्पना’ अशी चिठ्ठी चिकटवून चिठ्ठीला टाळ्या मिळवल्या. आणि ते व्यासपीठावरचं व्याख्यान! जे समोर नाही ते समोर आणण्याची शक्ती म्हणे. ओवी सात महिने रोज याच्या उलट करत होती. समोर बसलेल्या बापाला, ज्याच्या पाठीवर बसून ती लहानपणी खैरानच्या किनाऱ्यावर खेळली असेल, त्याला ती दर वेळी दार उघडताना नाहीसा करत होती. या कामाला काय म्हणतात, हे कुठल्याही पंथाने लिहून ठेवलेलं मला आढळलं नाही. मी शोधलं, हेही कबूल करतो. एवढं सगळं झाल्यावर मी पुन्हा पुस्तकंच उघडली.

आज दुपारी खोकला वाढला. छातीतून शिट्टी वाजायला लागली तशी मंजिरीने मला बळेबळे जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. ज्योतीची बदली तिथे झालीय हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी दुसरीकडे गेलो असतो. बाकांवर माझ्यासारखेच धापा टाकणारे लोक. नाव पुकारलं, पडद्याआड गेलो, आणि वाफेचं यंत्र घेऊन ती आली.

तिने मला लगेच ओळखलं. ‘बसा, सर,’ म्हणाली. केस कानाजवळ पांढरे झाले होते. तिने नळीत औषध घातलं, मास्क माझ्या नाकातोंडावर बसवला, मागचा पट्टा ओढला आणि बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं. मला आत गार धुकं जाणवत होतं आणि ती समोरच उभी होती, मनगटावरच्या घड्याळात बघत. तीन वर्षं मनात पाठ केलेली माफी माझ्याकडे तयार होती. मी मास्क खाली ओढला.

‘ज्योती, त्या दिवशी मी...’

‘ओवी बरी आहे,’ ती म्हणाली. ‘आठवीत आहे. बापाजवळच असते. उंच झालीय.’

‘माझ्यामुळे तुम्ही सगळे...’

तिने मान हलवली. पडदा नीट ओढून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘सर, तुम्हाला एक सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी हॉलमध्ये मी ओवीच्या बाबांना फोन लावून ठेवला होता. पोरीला बक्षीस मिळणार, यांना येता येत नाही, निदान ऐकू तरी देत म्हनून. तुम्ही वाचलं ते सगळं त्यांनी ऐकलं. टाळ्या पण ऐकल्या.’

यंत्र तसंच घरघरत होतं.

‘घरी गेले तर बॅग भरून बसले होते. मला म्हनले, पोरगी एवढं सगळं बघते, मला कधी कळलंच नाही गं. आता तिला हे काम नको. मी जातो. मीच रडून-ओरडून आठवडाभर थांबवलं. म्हनूनच तुमच्याकडं आले होते, काहीतरी करून लोकांचं बोलणं थांबलं, तर हे बी थांबतील, असं वाटलं. पण त्यांचं आधीच ठरलं होतं. लोकांमुळं नाही गेले ते. पोरीमुळं गेले.’

ती हे सांगत होती आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. औषधाने नव्हे. म्हणजे त्या ‘थोड्या मदती’मुळे काही बिघडलं नव्हतं. म्हणजे मी ती ओळ लिहिली असती, तरी तो जाणारच होता. एका माणसाने एका बंद खोलीत एकट्याने आपल्या मुलीचं मन ऐकलं, टाळ्यांच्या गजरात ऐकलं, आणि उठून स्वतःची बॅग भरली, हे मी ऐकत होतो, आणि माझ्या मनात काय चाललं होतं, तर सुटलो. तीन वर्षांनी पहिल्यांदा मोकळा श्वास आला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असणार. नर्सला चेहरे वाचता येतात.

तिने तो पाहिला. रागावली नाही. हात पुढे करून मास्क माझ्या तोंडावर परत नीट बसवला.

‘औषध अजून शिल्लक आहे, सर,’ ती म्हणाली. ‘बोलू नका.’